ओडेसाचा डावा हात

७ मार्च, मंगळवार

जमलं! ओडेसा टिब्स, माझी आई, पुन्हा स्टेजवर चालणार - माझ्या पायांनी! अंगाला चिकटणारा काळा पोशाख, त्यावर बटणाएवढे चकाकते ठिपके, कॅमेऱ्यांना माझी हालचाल टिपता यावी म्हणून. बावन्नाव्या वर्षी त्यात शिरताना जीव गेला. होलोग्रामला आवाज आईच्या जुन्या टेपांमधला, चेहरा १९७१ चा (मी तिच्या पोटात होते तेव्हाचा), चाल माझी. होलोग्राम बनवणाऱ्या कंपनीचा ड्वेन म्हणाला, "बाई, डिट्टो आई!" असणारच! स्वयंपाकघरात तिची नक्कल करतच वाढले मी.

आईला सांगितलंय, चाल जुन्या फिल्मांवरून घेतलीय म्हणून. तेच बरं. एकोणिसाव्या वर्षी तिच्यापुढे गायले, तर म्हणाली, "तुझं काम स्टेजवर नाही गं, व्हर्नेल." तेव्हापासून शाळेची बस चालवते, रविवारी चर्चच्या दारावर उभी राहते, येणाऱ्यांना जागेवर नेऊन बसवते. पांढरे हातमोजे, ताठ कणा, डावा हात पाठीमागे. तीस वर्षं! आहे का कोणाची टाप मला नावं ठेवायची?

१२ मार्च, रविवार

आई म्हणते, "जरा खोट दिसली तर शो बंद! गळ्याचं ऑपरेशन झालंय, डोळ्यांचं नाही." करारात तसा हक्क आहे तिला. शनिवारी पहिल्या रांगेत बसणार.

१५ मार्च, बुधवार

ड्वेनला तीनदा फोन केला - कुठे खोट राहिली नाही ना? नाही म्हणाला.

१९ मार्च, रविवार

काल थिएटर खच्चून भरलं. बँड खरा, जिवंत - आणि मधोमध आई, सव्वीस वर्षांची, सोनेरी झग्यात. अख्खं मेम्फिस उभं राहिलं! मागच्या रांगेतली एक म्हातारी हुंदके देत होती. ती चाल माझी आहे, असं ओरडून सांगावंसं वाटलं.

दुसऱ्या गाण्यात सॅक्सोफोन सुरू झाला. गायिकेला तेवढा वेळ काम नाही. आणि ओडेसा टिब्स ताठ उभी राहिली - डावा हात पाठीमागे! अरे देवा! ड्वेनच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. सवयच ती.

आईने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. गाडीत एवढंच म्हणाली, "मी जन्मात कधी चर्चच्या दारावर उभी राहिले नाही." संपलं सगळं, असं वाटलं. तरी खोटं कशाला लिहू? छाती अजून फुगलेलीच आहे.

२० मार्च, सोमवार

सकाळी ड्वेनचा फोन. चूक त्यालाही दिसली. पुढच्या शोआधी तो हात दुरुस्त करतो म्हणाला. आईने फोन माझ्याकडून हिसकावलाच. "खबरदार त्याला हात लावलास तर! माझ्या मुलीचा आहे तो. आणि पोस्टरवर माझ्याखाली तिचं नाव घाल. मोठ्या अक्षरात!"

मग मला म्हणाली, "बघतेस काय? गॅसवर मक्याचे ग्रिट्स करपतायत."

करपलेलेच खाल्ले दोघींनी.