चाळीस सामन्यांचा रोलंड

१४ ऑगस्ट
निवृत्तीला तीन महिने झाले. पीकविम्यात हयात गेली. शेताच्या कडेला उभं राहून मक्याची कणसं मोजायची आणि उतारा किती पडेल ते ठणकावून सांगायचं. आता मोजायला काही नाही. बसवत नाही. लव्हॉन म्हणते, जेवताना टेबलाखाली तुमचा पाय हलतो आणि माझं सूप सांडतं. बायकोला कशाचंही निमित्त पुरतं.

खरी काळजी वेगळी आहे. जावई कर्ट आमच्या गावच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा कोच. दोन वर्षं टीम सपाटून मार खातेय. यंदाही तेच झालं तर कर्टची नोकरी जाणार, आणि जोलीन नातीला घेऊन त्याच्यामागे कुठल्या तरी लांबच्या राज्यात जाणार. आज ती दोन गल्ल्या पलीकडे राहते. एकुलती एक मुलगी. सबब टीमची जबाबदारी मी घेतली आहे. कर्टला अजून कल्पना नाही.

२० ऑगस्ट, पहाटे
सापडलं. अनुभव. प्रत्येक खेळाडू आजवर किती सामने खेळला ते कॉलेजच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. नुसती बेरीज करायची. बेरीज मोठी, विजय जास्त. इतकं सोपं आजवर कुणाला सुचू नये? सूत्राप्रमाणे यंदा दहापैकी आठ सामने आपले.

संकल्प: कॉफी बंद. कर्टच्या कामात ढवळाढवळ नाही, फक्त मार्गदर्शन. जोलीनला आत्ता काही सांगायचं नाही. यश आलं की एकदम सांगू.

६ सप्टेंबर
हरलो. वारा फार होता.

१३ सप्टेंबर
हरलो. वारा नव्हता, पण पंच त्यांचा होता. परतताना लव्हॉन म्हणाली, "पोरांना अनुभव आहे हो, पण कसला? हरण्याचाच ना?" आकडेशास्त्र तिचा विषय नाही. दुर्लक्ष केलं.

१४ सप्टेंबर
अंघोळ करताना महत्त्वाचा शोध लागला. अनुभव दोन प्रकारचा असतो, जिंकण्याचा आणि हरण्याचा. हे मला कसं सुचलं कोण जाणे. सूत्र सुधारलं. आता सहा विजय. कॉफी प्यावी लागली.

४ ऑक्टोबर
लागोपाठ दोन जिंकलो, म्हणून अस्वस्थ आहे.

झालं असं, की आमच्या क्वार्टरबॅकचा खांदा निखळला. अख्खा खेळ ज्याच्या फेकीवर चालतो तोच गेला, आणि कर्टनं त्याच्या जागी केसी लिंडग्रेनला उतरवलं. पहिल्या वर्षाचं पोरगं. आजवरचे सामने शून्य. एकूण बेरीज धाडकन खाली आली. विजय मिळतायत, पण सूत्रात बसत नाहीत. असे विजय टिकत नसतात. पीक हिरवंगार दिसतं आणि कणसात दाणा नसतो, तसलं हे प्रकरण. कर्टला फोन केला. सरावात आहे म्हणाला. चार वेळा.

१४ ऑक्टोबर
आमच्या क्वार्टरबॅक क्लबची न्याहारी. सगळे सभासद साठीपुढचे, क्वार्टरबॅक जन्मात कुणीच नव्हता. दर मंगळवारी पॅनकेक खात कोचच्या चुका काढायच्या, हे क्लबचं काम. आज मी तक्ता उभा करून सूत्र मांडलं. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. निदान पॅनकेक संपेपर्यंत.

मग हुकमाचा पत्ता टाकला. रोलंड हूझर. पाचव्या वर्षाचा, राखीव क्वार्टरबॅक. पुस्तिकेत त्याच्या नावापुढे चाळीस सामने. टीममध्ये सगळ्यांत जास्त. आणि कर्ट त्याला सोडून शून्यवाल्याला खेळवतो. ऑर्व्हिल बेटके कॉलेजच्या विश्वस्त मंडळावर आहे. त्यानं चष्मा काढून तक्ता पाहिला, पुन्हा लावून पाहिला. मी जिंकलो.

२५ ऑक्टोबर
केसी आणखी दोन सामने जिंकला आणि आज एक हरला. बघा. मी म्हणत होतो.

२ नोव्हेंबर
कालचाही हरला. क्लब पेटलाय. शेवटचा सामना जिंकला तर दहापैकी पाच विजय होतात आणि नोकरी वाचते. ऑर्व्हिलनं कर्टला बजावलं की अनुभवी पोराला खेळव, नाहीतर करार विसर.

चर्चच्या जेवणात खिमा-राजम्याची चिली आणि सिनॅमन रोल होते. रोलंडची आई लव्हॉनला म्हणाली, आमच्या रोलंडला का खेळवतायत कळत नाही. तो तर फक्त किक मारणाऱ्यासाठी चेंडू धरतो. एक गुडघा टेकायचा, चेंडू गवतावर उभा धरायचा, की बाहेर. चाळीस सामने हेच केलंय म्हणे. लव्हॉन मला म्हणाली, आत्ताच्या आत्ता कर्टला सांगा. मी म्हटलं, चेंडू धरणं हेच तर क्वार्टरबॅकचं पहिलं काम. त्या माउलीला मुलाची किंमत नाही.

८ नोव्हेंबर, संध्याकाळ
तीन गुणांनी मागे होतो. शेवटची खेळी, आणि चेंडू जिच्यापलीकडे नेला की जिंकलो, ती रेषा चार पावलांवर. चेंडू मागे रोलंडकडे आला. त्यानं तो सुरेख झेलला. मग गुडघा टेकला. चेंडू गवतावर उभा केला, शिवण पलीकडे फिरवली, वर बोट ठेवलं आणि किक मारणाऱ्याची वाट बघत बसला.

किक मारणारा मैदानात नव्हता. किक मारणारा नसताना चेंडू घेऊन गुडघा टेकला की खेळी संपते. शिट्टी वाजली. रोलंड तसाच बसून होता.

धरला मात्र उत्तम होता. हे कुणी बोलत नाही.

१२ नोव्हेंबर
कर्टला काढलं. एका सामन्यावरून सूत्राला दोष देणं शास्त्रीय नव्हे. क्लबात गेलो नाही. ऑर्व्हिल फोन उचलत नाही. झोप नाही.

२० डिसेंबर
कर्टला वायोमिंगमध्ये मदतनीस कोचची जागा मिळाली. दिवसभराचा रस्ता आहे. आज सामानाचा ट्रक आला. सोफ्याचं एक टोक मी धरलं, एक कर्टनं. गॅरेजमध्ये टेकवला तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "वर्लिन, तक्ता कुणाचा होता ते ऑर्व्हिलनं मला सांगितलंय."

मी सूत्रातल्या सुधारणांबद्दल बोलायला तोंड उघडलं.

"जोलीनला मी सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "रोलंडला खेळवायचं खूळ माझंच, असं तिला वाटतंय. वाटू दे. वर्षातून दोनदा तुमच्याकडे यायचंय तिला."

आम्ही सोफा ट्रकमध्ये चढवला.

निघताना जोलीननं मला घट्ट मिठी मारली. रडत होती. म्हणाली, "बाबा, जन्मभर तुम्ही अंदाजच बांधलेत. त्यानं एकदा तरी तुम्हाला विचारायचं होतं. तुम्ही अडवलं असतंत ना त्याला?"

मी हो म्हणालो.