काठी मिळाली

प्रिय चिमणे,

काठी मिळाली. वर वाकडी मूठ, खाली रबरी टोपण, अगदी म्हाताऱ्यांची! जावईबापूंनी निवडली असेल तर सांग त्यांना, सासू अजून मेली नाही. आणि आईला चक्कर येते, आईच्या डोक्यात काहीतरी झालंय, हे काय गावभर सांगत सुटलीस? मावशी फोनवर रडत होती. मला आधी विचारायला तोंड शिवलं होतं का?

डोकं ठीक आहे माझं. दोष पोटऱ्यांचा. लाँड्रीतल्या वाळवणाच्या दोऱ्या आधीच्या माणसाच्या, लंबूच्या उंचीच्या. तो गेला, दोऱ्या तिथंच. मालकाला म्हटलं खाली बांधा, तर म्हणतो चादरी जमिनीला लोळतील. मी पडले बुटकी. ओली चादर टाकायची की टाचा वर, सारखी करायची की पुन्हा टाचा वर. संध्याकाळी पोटऱ्यांचे दगड होतात, मग नुसतं उभं राहिलं तरी अंग झुलतं. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई आहेत. त्यांनी पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं. खांबासारखी राहिले. मग पोटऱ्या पेटेपर्यंत टाचा वर-खाली करायला लावल्या आणि पुन्हा डोळे मिटवले. अगं, दारू प्यायल्यागत डुलले! उभ्या माणसाचा तोल सांभाळायला पोटऱ्या लागतात म्हणे, त्या दमल्या की तोही ढळतो. जरा बसवलं, की पुन्हा खांब.

त्या दिवशी तुझ्याकडे कामावरून तशीच आले होते. पाणीही न पिता तुझ्या छोटीला घेतलं. झुलले, भिंतीला टेकले, पण पोरीचं टोपडंसुद्धा हललं नाही. तू मात्र घारीसारखी झडप घातलीस. तिला माझ्या हातातून काढून घेतलंस. नंतर आले तेव्हा कधी ती झोपलेली, कधी तिला सर्दी. मला कळत नाही होय? तू शाळेत जायच्या वयापर्यंत कडेवरून उतरत नव्हतीस, तेव्हा कुणाचे पाय होते गं?

बाकी काठी कामाची निघाली. मुठीनं दोरी खाली ओढते, चादर टाकते, सोडून देते. टाचा जमिनीवर. बाया आधी हसल्या, आता काठी उसनी मागतात.

रविवारी सकाळी येते, भरपूर झोपून. दारात पाय जुळवून, डोळे मिटून उभी राहते, बघ हवा तेवढा वेळ. मग छोटीला माझ्या हातात द्यायची, तू स्वतः. देणार की नाही, गुरुवारपर्यंत कळव. आणि सर्दीबिर्दी सांगू नकोस.

तुझीच, काठीविना उभी,
आई