दहा लाख नऊ

८ जुलै १९७४, सोमवार
शाळेत नव्या शिंदेबाई आल्या, कागलहून बदलून. डबा खाताना सहज म्हणाल्या, "आमच्यात एक गणिताचे सर हायत, वसंतराव. दरसाल पयल्या दिवशी फळ्यावर दहा लाख नऊ लिवत्यात. म्हणत्यात, ह्याला अजून कुणी भागल्यालं न्हाय."
डबा तसाच मिटला. नऊ वर्षं झाली. व. अजून तोच आकडा लिहितो. बायको-मुलांचं विचारायचं राहिलं. राहिलं कसलं, धीर झाला नाही.

९ जुलै
माळ्यावरून जुनी वही काढली. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, कॉलेजचं वाचनालय, दुपारी तीन. आकडा व.नंच आणला. हजाराचा वर्ग अधिक तिनाचा वर्ग, म्हणून त्याला भारी कौतुक. मूळ संख्या आहे का बघायचं, तर हजाराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं. एकशे अडुसष्ट. रोज तीन. एक दिवस मी भागायची नि तो तपासायचा, दुसऱ्या दिवशी उलटं. शेवटपर्यंत बाकी उरली. मूळ संख्या ठरली. मग परीक्षा, मग तो कागलला. मी काही बोलले नाही, तोही नाही. दोघंही अतिशहाणे!

११ जुलै
पहिल्यापासून पुन्हा भागते आहे. गरज काही नाही. पानापानावर त्याची तांबडी खूण दिसते, तेवढ्यासाठी.

१४ जुलै, रवि.
२९३ नं पुरा भाग गेला! ३४१३. तीनदा केलं. जुन्या पानावर १२१० मधून ११७२ वजा करून मी ४८ लिहिलेत. हवेत ३८. हातचा विसरले. याच चुकीसाठी मी आठवीच्या पोरींना उभं करते. आणि खाली व.ची खूण, बरोबर म्हणून. एवढा काटेकोर माणूस, त्याला दिसलं कसं नाही?

१५ जुलै
कळवायला हवंच. पोरांना चुकीचं सांगतोय. (कारण मिळालं एकदाचं, हे इथंच लिहिते.) कार्ड टाकलं: २९३ गुणिले ३४१३, चूक माझी. खाली पत्ता पुरा, गल्लीसकट.

२० जुलै
काही नाही. कागल काय विलायतेत आहे? यष्टीनं तासभरसुद्धा नाही. पोस्टमन गेला की दिवस संपल्यासारखं वाटतं.

२४ जुलै, बुध.
आलं. चार ओळी.
"२९३ मला त्याच दुपारी सापडला होता. खूण मुद्दाम केली. खरं सांगितलं असतं तर आपलं काम तिथंच संपलं असतं की. अजून एकशे सहा राहिले होते."
खाली नाव. घरच्यांविषयी एक अक्षर नाही.
आधी राग आला. एकशे सहा भागाकार फुकट करवले मेल्यानं! मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. बाबांनी विचारलं, "कुणाचं गं पत्र?" म्हटलं, गणिताचं.
वेडा. सांगितलं असतंस तर दुसऱ्या दिवशी मी नवा आकडा घेऊन आले असते. हे त्याला लिहायचं का, ठरत नाही. कोरं कार्ड आणून ठेवलंय.