चार पिंपं काबर्ने

प्रिय गॅस्पार,

सवयीने ‘प्रिय’ लिहून गेले. खोडणार होते, पण तुझ्यासाठी दुसरा कागद घ्यायचीही आज इच्छा नाही. राहू दे तसंच.

इकडची द्राक्षांची तोडणी संपली. मेर्लो केव्हाच टाक्यांत गेली, काबर्ने परवा आली. नेहमीसारखीच उशिरा, जाड सालीची आणि हट्टी. बाबा म्हणायचे, “मेर्लो पाहुण्यांशी गोड बोलते, पण म्हातारपणी सांभाळते ती काबर्ने.” तू लहान असताना हे वाक्य त्यांच्या आवाजात म्हणून सगळ्यांना हसवायचास. तुला घोटून घोटून पाठ होतं, हे मी आज मुद्दाम लिहून ठेवते.

माझ्या लेकीच्या, ओरियानच्या लग्नातली ती फजिती तुला आठवतच असेल. बाबांच्या शेवटच्या हंगामाची वाइन, तिच्या जन्मसालची. त्यांनी स्वतः बजावून ठेवलं होतं, “या पोरीच्या लग्नात उघडा. मिश्रणात दहात सहा वाटे काबर्ने आहे, पंचवीस वर्षं तिला काही होत नाही.” बावीस वर्षांनी आपण उघडली, तर रंग विटलेला, वास जुन्या मनुकांच्या डब्याचा आणि तोंडात नुसतं आंबट पाणी. एक नाही, तीन बाटल्या. ओरियानचं तोंड एवढंसं झालं. तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, “सोड ना, मायलिस. शेवटी शेवटी त्यांना चव कुठे कळत होती? मिश्रण चुकलं त्यांचं.” आणि मी मान डोलावली. त्या मानेची मला आता लाज वाटते.

गेल्या रविवारी शेजारच्या मळ्यातल्या लाबॉर्द काकांनी जेवायला बोलावलं होतं. वेलीच्या काटक्यांवर भाजलेलं कोकरू होतं आणि काकांनी त्यांची त्याच सालची बाटली काढली. रंग अजून गडद. वास पिकल्या काळ्या बेरींचा, पेन्सिल तासल्यावर येतो तसा लाकडाचा, आणि त्यामागे आपल्या खडकाळ तुकड्याच्या बांधावरचा रानपुदिना. माझा काटा ताटात पडला.

“काय गं, भूत बघितलंस काय?” काका म्हणाले.

मी विचारलं, “काका, ही काबर्ने कुणाची?”

“कुणाची म्हणजे? तुमचीच की! गॅस्पारनं चार पिंपं मला दिली आणि माझी चार मेर्लोची नेली. म्हणाला, बाबांनीच सांगितलंय. मी म्हटलं, म्हाताऱ्याला वेड लागलं की काय! पण आयतं दारात आलेलं कोण परत पाठवतो?”

ते हसत होते बिचारे. त्यांना काहीच ठाऊक नाही.

वसंतातल्या स्पर्धेत परीक्षकांना लगेच आवडेल अशी वाइन तुला हवी होती. म्हणून काबर्ने देऊन मेर्लो आणलीस; तशी वाइन तुला मिळाली, पदकही मिळालं. चारपाच वर्षं सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, मीसुद्धा. त्या पदकाच्या जोरावर तू लोकांना मिश्रणाचे सल्ले देत गावोगाव फिरलास. पिंपांचं मी विसरले असते रे. पण बाबांच्या खोलीत तू जे केलंस, त्याला केसाने गळा कापणं म्हणतात.

तू त्यांना त्या नव्या मिश्रणाचा ग्लास दिलास. त्यांनी घोट घेतला आणि म्हणाले, “ही माझी नाही.” तू सगळं माहीत असून बोललास, “बाबा, औषधांनी जीभ गेलीये तुमची.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चाखली होती, मला ती छान लागली होती. मी म्हटलं, “गॅस्पार म्हणतो ते खरंय, बाबा.”  त्यांनी ग्लास उरलेल्या सुपात ओतला आणि ताटली तोंडाला लावून पिऊन टाकला, आपल्याकडे रोजची हलकी, स्वस्त वाइन संपवतात तसा. आपण दोघं हसलो होतो.

त्यानंतर त्यांनी काहीच चाखलं नाही. चाळीस वर्षं अख्खं गाव ज्यांच्यापुढे ग्लास धरायचं, ते येणाऱ्याला परत पाठवू लागले. “मला नका विचारू, माझी जीभ गेली.” एकोणीस दिवसांनी ते गेले. स्वतःवरचा भरवसा गमावून गेले, गॅस्पार. आणि तू त्यांच्या उशाशी बसून होतास.

पत्र लिहायचं कारण इतकंच. येत्या सर्व संतांच्या दिवशी आपण शेवंती घेऊन बाबांच्या कबरीवर जातो, तसं या वर्षीही जायचंय. काकांनी त्यांची शेवटची बाटली मला दिली आहे. तू ये. ओरियान आणि काका यांच्यासमोर ती तिथे ओत आणि मोठ्याने सांग की बाबा, तुमची जीभ शाबूत होती, मी खोटं बोललो. आधी मी माझं बोलेन. तू खोटं बोललास, पण त्यांच्याकडे न बघता तुझ्यावर विश्वास ठेवला तो मी.

‘तुझीच’ लिहायचं की नाही, ते त्या दिवशी ठरवीन.

मायलिस