पाकिटावरचं तुझं नाव

प्रिय प्राची,

शेजारचा राकेश मोटारसायकलमध्ये पेट्रोल भरायला गेलाय, तो येईपर्यंत लिहून होईल तेवढं लिहितो. तुझ्या साखरपुड्याचे फोटो पाहिले. तेजस शोभतो. धुळ्यात बसून केळीची पावडर विकणारा माणूस शेरवानीत कसा दिसतो ते एकदा बघायचंच होतं. बागेतल्या चिखलात त्याने कधी पाय घातला असेल असं मात्र वाटत नाही.

त्याच्या पावडरीचं पाकीट आमच्या अडावद गावातही आलंय. ‘विषाणूंना शरीरात शिरू देत नाही, रोज दुधातून घ्या.’ खाली ‘संशोधन: कु. प्राची’ आणि पांढऱ्या कोटातला तुझा फोटो. विषाणू बहुतेक पाकीट वाचून लाजेने परत जात असेल.

मी सरांशी भांडून बी.एस्सी. अर्धवट सोडली, मान्य. पण जळगावच्या लॅबमधलं विसरलो नाही. आमच्या बागेतली केळी मी गोणीत घालून एसटीने आणायचो, तू त्यातलं प्रथिन वेगळं काढायचीस. विषाणूच्या अंगावरच्या काट्यांना साखर असते, हे प्रथिन त्या साखरेला धरून बसतं, मग काट्याला पेशीवर चिकटता येत नाही. हातमोज्यावर पेनाने काटे काढून दाखवले होतेस. माझं लक्ष काट्यांपेक्षा बोटांकडे होतं, तरी समजलं. आणि तूच म्हणाली होतीस, योग्या, हे काचेच्या बशीतल्या पेशींवर झालंय, केळं खाऊन कोणाचा ताप जात नाही. एवढं तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला कळत नाही, की कळूनही विकतो? न कळणारा बरा की कळून विकणारा, ते तू ठरव. नाव टाकायला हो म्हणालीस की त्याने विचारलंच नाही, तेही तूच जाण.

जळतोय म्हणून लिहितोय असं वाटेल. जळतोच आहे. पण कारण ते नाही. आईला ताप आहे, आज सकाळपासून धाप लागतेय. दवाखान्याचं नाव काढलं की ती पावडर घातलेला दुधाचा ग्लास पुढे करते. म्हणते, ‘प्राचीनं नाव शे त्यावर. तुले काय समजस, तू ते कॉलेज सोडीसन उना.’ तू एकदा आमच्याकडे जेवून गेलीस तेव्हापासून तुझा शब्द तिला कॉलेज सोडून आलेल्या माझ्यापेक्षा मोठा. माझा नंबर तू ब्लॉक केलायस, म्हणून राकेशच्या हाती हे पाठवतोय. त्याच्याच फोनवरून आईशी बोल. पाकिटावरचं खोटं आहे, दवाखान्यात जायला गाडीत बस, एवढंच सांग. मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे.

तुझाच (हे खोडायला वेळ नाही),
योगराज