मालकीणबाईंच्या अक्षरात

बाबा,

तुमच्याकडून परत तेच लिहून आलं, ‘मालकीणबाई देवमाणूस, राग सोड.’ आईच्या थडग्यावरून त्यांनी ट्रॅक्टर फिरवून मका पेरला, आणि मी राग सोडू? त्यांच्या म्हाताऱ्याच्या थडग्याला मात्र लोखंडी कुंपण. त्यांचा नऊ वर्षांचा फ्लोरिस तुम्हाला ‘ए पोरा’ म्हणतो, आणि तुम्ही टोपी काढून ‘जी, छोटे मालक’. गोऱ्यांचं राज्य गेलं, बाबा. इथं सोन्याच्या खाणीत गोरा मुकादमही मला नावानं हाक मारतो. टोपी घाला आता.

पण हे धाडू कसं? तुम्हाला वाचता येत नाही. मालकीणबाईच वाचून दाखवणार, उत्तरही त्याच लिहिणार, आणि दुसऱ्या दिवशी तुमची वळकटी रस्त्यावर.

म्हणून हा कागद फाडतो. दुसऱ्यावर एवढंच लिहितो: मी मजेत, बाईंना नमस्कार.

तुमचाच,
लेफू

त्या दुसऱ्या कागदासोबत तीनशे रँड.