झणझणीत अंजनाचं अपील

४ सप्टेंबर, सकाळी ७.१०
खातं बंद.
काल इंटरनेटवर टाकलेलं भाषण किती जणांनी पाहिलं ते बघायला फोन उघडला, तर काळा पडदा. ‘तुमचे खाते स्थगित करण्यात आले आहे. कारण: इतरांच्या डोळ्यांना दाहक पदार्थाने इजा करण्याचे आवाहन.’ दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.
अखेर त्यांनी माझी दखल घेतली.
इंटरनेटवर बंधनं आणणाऱ्या नव्या कायद्याच्या मसुद्यावर काल सव्वा तास बोललो. शेवटचं वाक्य असं होतं: ‘मंत्रिमहोदयांच्या डोळ्यांत झणझणीत अंजन घातल्याशिवाय आता गत्यंतर नाही!’ झोंबलं. झोंबणारच.

सकाळी ९
बारीक अक्षरांतला मजकूर आत्ता वाचला. अपिलाच्या तीन संधी. मुदत ३ ऑक्टोबर, दुपारी बारा. त्यानंतर खात्यावरचं सगळं कायमचं पुसलं जाईल. बारा वर्षांची चारशे बारा भाषणं. दुसरीकडे प्रत नाही. मुलगी दरवर्षी म्हणायची, बाबा, कॉपी काढून ठेव. मी म्हणायचो, बॅकअप म्हणजे पराभवाची पूर्वतयारी. वाक्य अजूनही चांगलं आहे.
पण एक गोष्ट इथे लिहायला हरकत नाही. तीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं, त्याचं मागे काही राहिलेलं नाही. जे राहिलंय ते या चारशे बारांत.
संकल्प: उद्याच अपील. आठवड्याभरात विजय.

५ सप्टेंबर, दुपारी
अपील लिहिलं. अडतीसशे शब्द. मुद्रणकलेच्या शोधापासून सुरुवात करण्याचा मोह आवरला. खातं बंद करणाऱ्या परीक्षकालाच थेट उद्देशून लिहिलं. पाठवल्यावर कळलं की अपिलाच्या चौकोनात फक्त पाचशे अक्षरं मावतात. पुढची तो न सांगताच गिळतो.
काय गेलं ते पाहिलं. मी लिहिलं होतं: ‘मी तुम्हाला शोधून काढीन, तुमच्या घरापर्यंत येईन, तुम्हाला सोडणार नाही, अशी भाषा करणाऱ्यांपैकी मी नव्हे.’ पाचशे अक्षरं ‘सोडणार नाही’ला संपली.
मराठीत वाक्याचा खरा अर्थ शेवटी येतो. हा भाषेचा स्वभाव आहे, माझा दोष नाही.
काही सेकंदांत उत्तर. अपील नामंजूर. नवीन उल्लंघनाची नोंद: धमकी.
अडतीसशे शब्द इतक्यात वाचून होतात? ही म्हणाली, अहो, त्यांना पाचशे अक्षरंच मिळाली ना. मुद्दा तो नाही.

७ सप्टेंबर
मुलीला फोन केला. ती दुसऱ्या एका कंपनीत हेच काम करते. लोकांनी टाकलेला मजकूर बघायचा आणि ठेवायचा की काढायचा ते ठरवायचं. म्हणजे शत्रूच्या छावणीत आमचंच मूल.
ती म्हणाली, बाबा, मशीनला अंजन म्हणजे डोळ्यांत घालायची वस्तू एवढंच कळतं, आणि तू ते झणझणीत म्हणालास. त्याला वाटलं तू मिरची कालवतोयस. साधं लिही ना!
मी विचारलं, तिकडे माणसं नसतात? म्हणाली, शेवटच्या अपिलाला असतो एखादा. आमच्याकडे मराठीला तिघं आहोत, एका पोस्टला चाळीस सेकंद.
मग मी तिला सेन्सॉरशिपवरचा माझा नेहमीचा परिच्छेद ऐकवला. शब्द पुसणारा हात कोणाचा, यावरून समाजाची उंची ठरते, वगैरे. तिने तो शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, बाबा, काल मी जे काढलं ते तू पाहिलं असतंस ना, तर दोन दिवस जेवला नसतास. ते ठेवायला हवं होतं का?
मुद्दा भावनिक आहे. उत्तर तयार करून उद्या कळवतो म्हणालो.

८ सप्टेंबर
उत्तर तयार झालं नाही.

१० सप्टेंबर
लोकांकडे जायचं ठरवलं. आमच्या इमारतीच्या ग्रुपचा मी अ‍ॅडमिन. जाहीर निवेदन टाकलं आणि खाली लिहिलं: ‘ज्यांना माझी भूमिका मान्य नाही त्यांनी निःसंकोच लिहावे.’
रात्रीपर्यंत एकही विरोधी प्रतिक्रिया नाही. संपूर्ण इमारत एकमुखाने पाठीशी. ऊर भरून आला.

११ सप्टेंबर
ही म्हणाली, अहो, तुम्हीच ना तीन वर्षांपूर्वी ग्रुप बंद करून टाकलात? तुमच्याशिवाय कोणाला लिहिताच येत नाही तिथे.
खरं आहे. मी राज्यघटनेवर लिहीत असताना तळमजल्यावरचा टाकीवाला मध्येच पाण्याच्या टाकीचे फोटो टाकायचा. ती शिस्त होती, सेन्सॉरशिप नव्हे. या दोहोंतला फरक दोन पानांत मांडायचा आहे.
संध्याकाळी ग्रुप खुला केला. चाळीस मिनिटांत चौसष्ट मेसेज. एकसष्ट टाकीबद्दल. दोन ‘हे अजून अ‍ॅडमिन आहेत का?’ एक ‘सर, खातं कुठल्या बँकेतलं?’
आठ वाजता ग्रुप बंद केला. तात्पुरता.

१६ सप्टेंबर
कोपऱ्यावर जाहीर सभा. लाउडस्पीकरची परवानगी काढायला पोलीस ठाण्यात गेलो. अटक झाली तर असावेत म्हणून कपड्यांचा जोड, ब्रश आणि रक्तदाबाच्या गोळ्या बॅगेत घेतल्या होत्या. अधिकाऱ्यासमोर भाषणाची प्रत ठेवली. त्याने न वाचताच शिक्का मारला. म्हणाला, बोला की सर, कोण अडवतंय? फक्त गाड्यांना वाट ठेवा.
मी म्हणालो, वाचून तरी बघा. तो म्हणाला, चांगलंच असणार.
बॅग तशीच परत आणली.
सभेला मेहुणा आणि बसस्टॉपवरचे दोघे. तिसऱ्या मिनिटाला बस आली. मेहुणा शेवटपर्यंत थांबला. म्हणाला, भावोजी, आवाज काय खणखणीत हो तुमचा! आशयाबद्दल विचारलं तर म्हणाला, मध्ये जरा फोन आला होता.
तरुणपणी कॉलेजच्या मासिकातला माझा लेख प्राचार्यांनी कापला होता. तेव्हा समोर टेबल होतं, टेबलापलीकडे माणूस होता, मी ओरडलो तेव्हा तो खुर्चीतून उठून उभा राहिला होता. दुसऱ्या दिवसापासून माझी नजर चुकवायचा. आता ओरडायचं कुणावर? पाचशे अक्षरांच्या चौकोनावर?

२२ सप्टेंबर
दुसरं अपील. या वेळी अक्षरं मोजून चारशे अठ्ठ्याण्णव. सूर मुद्दाम मवाळ. लिहिलं: ‘या भाषणांत माझा जीव आहे. ती गेली तर माझ्या जगण्यात काही उरत नाही. त्यांच्यासाठी मी प्राण द्यायला तयार आहे.’
लगेच उत्तर आलं. ‘तुम्ही एकटे नाही. आम्हाला तुमची काळजी वाटते. कृपया या क्रमांकावर बोला.’
डोळे भरून आले. कंपनीच्या आत आपला माणूस आहे! उघडपणे लिहिता येत नसणार, म्हणून नंबर दिला.
फोन लावला. एक बाई होत्या. आवाज शांत. आधी विचारलं, तुम्ही आत्ता सुरक्षित आहात ना, घरी कोण आहे? मी म्हणालो, पत्नी आहे, पण प्रश्न तिचा नाही, अभिव्यक्तीचा आहे. मग सगळं सांगितलं. तासभर तरी बोललो. त्यांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. कॉलेजात असं कधी झालं नव्हतं. शेवटी विचारलं, जेवलात का? मी म्हणालो, नाही. म्हणाल्या, आधी दोन घास खाऊन घ्या.
हे सांकेतिक असावं.

२३ सप्टेंबर
सांकेतिक नव्हतं. अपील नामंजूर. शेरा: ‘वापरकर्त्यास मदत सुचवण्यात आली आहे.’
पुन्हा त्या नंबरवर फोन लावत होतो तर हिने हातातून काढून घेतला. म्हणाली, ती लाइन ज्यांचा जीव खरंच टांगणीला लागलाय त्यांच्यासाठी असते, तुम्ही अडवून बसू नका. बरोबर आहे. लाज वाटली.
मग तिने विचारलं, अहो, ते प्राणाचं खरंच लिहिलंत? मी म्हणालो, अगं, बोलायची पद्धत आहे. तिने पुन्हा तेच विचारलं. पद्धत आहे हे मला पुन्हा म्हणता आलं नाही.

२९ सप्टेंबर
तिसऱ्या अपिलाचा एकोणिसावा मसुदा फाडला. एकच संधी उरली आहे, आणि या वेळी माणूस वाचणार.
मुलीने बजावलंय: बाबा, मारामारीचा एकही शब्द नको. बसलो तर लक्षात आलं की माझ्याकडे दुसरे शब्दच नाहीत. जुन्या भाषणांची शीर्षकं आठवून लिहून काढली. ‘शिक्षणधोरणाची चिरफाड’. ‘अंदाजपत्रकाचे वाभाडे’. ‘कुलगुरूंची सालटी’. जन्मात मुंगी मारलेली नाही. झुरळ दिसलं तर हिला हाक मारतो. आणि भाषा पाहावी तर कत्तलखान्याची.
तरी ती माझी आहे. माझ्या आधीच्या किती पिढ्यांनी हेच शब्द घासून घासून असे केले, की त्यांनी रक्त निघत नाही, फक्त माणूस जागा होतो. हे त्या चौकोनाला कोणी शिकवायचं? आणि त्याला शिकवायला आपण आपलं बोलणं बदलायचं?
चांगला मुद्दा आहे. पाचशे अक्षरांत बसत नाही.

३ ऑक्टोबर, सकाळी ११.२०
चौकोन रिकामा. ‘मान्यवर’ लिहिलं, खोडलं.

११.४०
चारशे बारा. पहिलं आठवलं. गच्चीवर केलं होतं, मागे वाळत घातलेल्या चादरी. मुलीने फोन धरला होता आणि हसू दाबत होती.

११.५८
हिने खुर्ची ओढली आणि विचारलं, तुम्हाला नक्की म्हणायचं काय होतं? मी म्हणालो, त्या मसुद्याने उद्याच्या पिढ्यांच्या… ती म्हणाली, अहो, बारा वाजायला आलेत, थोडक्यात. मी म्हणालो, मंत्र्यांनी तो पुन्हा वाचावा. मग तेवढंच लिहू या, म्हणाली.
तिने एका बोटाने टाइप केलं: ‘डोळ्यांत अंजन घालणे म्हणजे चूक दाखवून देणे. मंत्र्यांनी मसुदा पुन्हा वाचावा एवढेच म्हणणे आहे. कोणालाही इजा करायची नाही.’
मी म्हणालो, यात जोर कुठे आहे? तोवर तिने पाठवलं होतं.

६ ऑक्टोबर
विजय!!
खातं परत. सगळीच्या सगळी चारशे बारा. पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, सत्य दडपता येत नाही. मेहुण्याला फोन, मुलीला फोन. मुलगी म्हणाली, सुटलास बाबा, आता आधी कॉपी काढ.

दुपारी ३
कंपनीचं सविस्तर पत्र आत्ता वाचलं. ‘आमच्या मराठी परीक्षकाने तुमच्या खात्यावरील सर्व ४१२ भाषणे तपासली. ती निरुपद्रवी आढळली.’
प्रत्येक भाषणाखाली आता हिरवी खूण आहे. ‘तपासलेले. निरुपद्रवी.’ ‘वाभाड्यां’खाली आहे. ‘सालट्यां’खाली आहे. ज्या भाषणानंतर मी आठवडाभर दाराला आतून कडी लावून बसलो होतो, त्याखालीही आहे.
मेहुणा म्हणाला, भावोजी, सर्टिफिकेटच मिळालं की!
या निर्णयाविरुद्ध अपील करायचं म्हणून बटण शोधलं. तिथे लिहिलंय: ‘निकाल तुमच्या बाजूने लागल्यामुळे अपील करता येणार नाही.’

७ ऑक्टोबर
रात्रभर झोप नाही. संकल्प: त्याच मसुद्यावर नवं भाषण. आजवरचं सर्वांत जहाल. परीक्षकाची खुर्ची हलली पाहिजे.

८ ऑक्टोबर, संध्याकाळी
सकाळपासून बसलो. पहिलं वाक्य लिहिलं: ‘सत्तेच्या छाताडावर पाय रोवून विचारतो!’ वाचलं. ‘छाताड’ काढलं. मग पाय कुठे रोवायचा, म्हणून तोही काढला. ‘विचारतो’ राहिलं. ‘रान पेटवू’चं ‘जागृती करू’ केलं. ‘बुरखा फाडू’चं ‘माहिती देऊ’. कोणी सांगितलं नव्हतं. चौकोन उघडलेलाही नव्हता. माझ्या वहीत, माझ्याच पेनाने.
पाच वाजेपर्यंत भाषण तयार: ‘नमस्कार. नव्या कायद्याबद्दल काही जणांच्या मनात काही शंका आहेत. संबंधितांनी त्या विचारात घ्याव्यात, ही विनंती. धन्यवाद.’
हिने चष्मा लावून वाचलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पहिल्यांदाच म्हणाली, छान झालंय हो.
रेकॉर्ड करून टाकलं. मंजूर झालं.
कायदाही परवाच मंजूर झाला, असं आजच्या पेपरात आतल्या पानावर आहे.